शब्द पाठ नकोत, आत्मसात हवेत
(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ इच्छिणारे आपले अनेक विद्यार्थी जी.आर.ई. ही प्रवेश परीक्षा देतात. काही विद्यापीठांनी ती आता ऐच्छिक केली असली, तरी तिचे महत्त्व संपलेले नाही. या परीक्षेतील गणिताला आपला विद्यार्थी सहसा डगमगत नाही. तो बिचकतो कठीण इंग्रजी शब्दांना. मराठी माध्यमातून शिकलेल्या ग्रामीण मुलामुलींना तर हे दार आपल्यासाठी नाहीच, असे वाटू लागते. हा न्यूनगंड निराधार आहे.

पूर्वी या परीक्षेत सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी शब्द विचारीत. त्यामुळे हजारो शब्दांच्या याद्या घोकण्याचा प्रघात पडला. ऑगस्ट २०११ मध्ये ते प्रश्न वगळण्यात आले. आता वाक्यातील रिकाम्या जागी अर्थाला साजेसा शब्द निवडावा लागतो. म्हणजे कसोटी पाठांतराची नसून आकलनाची आहे.

येथे मराठी विद्यार्थ्याजवळ एक उपजत ठेवा आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे, असा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडला. इंग्रजीतील बहुतेक अवघड शब्द ग्रीक व लॅटिनमधूनच आलेले आहेत. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’मध्ये आपला नकारार्थी ‘अ’ आणि ‘ज्ञा’ धातूचा सोयरा आहे. ‘प्रोजेनी’त ‘जन्’ आहे, ‘नोव्हिस’मध्ये ‘नव’ आहे. हे नाते एकदा उमगले की परका शब्द ओळखीचा होतो.

मात्र केवळ रूपावर विसंबू नये. ‘एनर्व्हेट’ हा शब्द बळ देणारा भासतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बळ हरण करणे असा आहे. म्हणून शब्द वाक्यातच भेटला पाहिजे.

यास मोठा खर्च लागत नाही. रोज पाच शब्द वहीत लिहावेत, प्रत्येकाचे स्वतःचे वाक्य करावे, आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने त्यांची उजळणी करावी. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास द्यावा. पंचायतीने गावच्या वाचनालयात एक इंग्रजी दैनिक व एक चांगला शब्दकोश ठेवावा. शहरातील शिकवणी वर्गांचे शुल्क ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी एवढी सोयही मोलाची ठरेल. बुद्धी गावात आहेच. तिला शब्दांची जोड देणे हे आपले काम आहे.