पाठीच्या जखमेला डबा हवा की डाळ?

लकवा झालेलं किंवा खुबा मोडलेलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की काही दिवसांतच माकडहाडावर, टाचेवर लाल चट्टा उठतो. मग कातडी सुटते. दवाखान्यात याला बेडसोअर म्हणतात. अशा वेळी कोणीतरी ताकदीच्या पावडरचा डबा सुचवतं आणि घरातल्या सुनेची सोयाबीन सोंगणीची मजुरी त्यात जाते. आज त्या डब्याविषयी बोलू.

जखम भरायला प्रथिनं लागतात, हे खरंच. अशा माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. आजी 48 किलोच्या असतील तर 60 ते 72 ग्रॅम. आता आपल्या कनेरगाव नाक्याच्या घरातलंच मोजू. दोन अंडी 12 ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण 14. दोन पेले दूध 13. मूठभर सोयावडी 12. तीन भाकरी 15. झाले की 66! चावता येत नसेल तर भाकरी दुधात कुस्करा, अंडं वरणात कालवा, थोडं थोडं पाच-सहा वेळा भरवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

डबा अगदीच फुकट, असं आम्ही म्हणत नाही. इटलीत 200 कुपोषित रुग्णांवर झालेला अभ्यास 2015 साली छापून आला. आर्जिनिन, जस्त घातलेल्या खास पेयानं जखमा जास्त आटल्या. पण ते पेय वेगळं, आणि दुकानातला चॉकलेटी डबा वेगळा. डब्यामागचं वाचा: 100 ग्रॅममध्ये प्रथिनं किती, साखर किती. साखरच जास्त असेल तर ती मजुरी अंड्यांवर घाला. नुसत्या क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांचाही हॉलंडमधल्या अभ्यासात फायदा दिसला नव्हता.

आणि कितीही खाऊ घातलं तरी दाब तसाच राहिला तर जखम भरत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदला, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा. लाल चट्टा चोळू नका. हळद आपल्या हिंगोलीचं सोनं, पण ती जखमेत भरू नका.

जखमेला घाण वास, काळी कातडी, ताप, यातलं काही दिसलं तर आशाताईंना बोलवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.