ताण, आधार आणि मनाचे आरोग्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मानसिक ताणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक उत्तर हमखास ऐकू येते : ‘आपला समाज एकोप्याचा, इथे कोणी एकटे पडतच नाही.’ कार्य असो वा अंत्ययात्रा, शंभर माणसे उभी राहतात हे खरेच. परंतु गर्दी निराळी आणि आधार निराळा. मला त्या भेदाविषयी बोलावयाचे आहे.

दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातील ४५८ स्त्रियांचा अभ्यास जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी केला व १९७८ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मोठा आघात झाल्यावर काही स्त्रियांना नैराश्याने ग्रासले. पण तसाच आघात सोसूनही पुष्कळजणी सावरल्या. असे का व्हावे? घराबाहेर काम नसणे, चौदा वर्षांखालील तीन वा अधिक मुले घरात असणे, वयाच्या अकराव्या वर्षापूर्वी आईचे छत्र हरपणे, ही कारणे पुढे आली. चौथे मला सर्वांत मोलाचे वाटते : पतीशी वा जोडीदाराशी मनातले बोलता येईल असे जिव्हाळ्याचे नाते नसणे. ओळखी किती, हा प्रश्नच तिथे नव्हता.

आपल्यासारख्या घट्ट समाजात तर सांगण्याचीच भीती वाटते. व्यापारात बसलेली खोट, मुलीचे विस्कटलेले सासर, मुलाचे व्यसन. एकाला सांगावे तर चार दिवसांत ते स्थळ पाहणाऱ्यांच्या कानी जाते. मग माणूस हसतमुखाने पंगतीत वाढत राहतो आणि रात्र रात्र जागतो. ऐकलेले पोटात ठेवणारा एक मनुष्य अशा वेळी शंभरांहून अधिक उपयोगी पडतो.

मदत कशी करावी यालाही महत्त्व आहे. वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारे अमेरिकेतील विद्यार्थी आणि त्यांचे जोडीदार यांच्या रोजच्या नोंदींवरून नायल बोल्जर व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, देणाऱ्याने केली पण घेणाऱ्याला मदत म्हणून जाणवली नाही, अशी मदत मनाला अधिक मानवते. उघड मदतीने ‘मी दुबळा ठरलो’ ही बोच राहू शकते. आपल्याला गुप्तदान ठाऊक आहेच. (देणगीदारांच्या फलकाला माझा विरोध नाही, फलक भिंतीपुरताच असावा, एवढेच.)

तथापि मायेच्या माणसावर सर्व भार टाकणे योग्य नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भूक हरपणे, कशातच गोडी न वाटणे, अशी लक्षणे दिसल्यास मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलला, तर क्षणाचाही विलंब नको आणि त्याला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. तेथे मराठीतूनही बोलता येते.

शेवटी महिला मंडळ व युवक मंडळ यांना एक विनंती. दुःखद प्रसंगानंतर पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. दोन-तीन महिन्यांनी तिथे कोणी फिरकत नाही. त्या वेळी एकदोघांनीच जावे. उपदेश नको, चौकशांचा भडिमार नको. चहा घ्यावा, बसावे, आणि निघताना पुढच्या भेटीचा वार सांगून यावे.