पोर कुणाच्या भरवशावर?

(मिरज येथील जिल्हा बैठकीतले भाषण)



सकाळपासून कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलणे झाले. मी जो विषय काढतोय तो आपल्या व्यासपीठावर फारसा निघत नाही. लेकराबाळांचे महिला बैठकीत घ्या, असे कुणी म्हणेल. पण लहान मुलांवर होणारे अत्याचार हा कोरडवाहू शेतीच्या तोट्याला चिकटलेला प्रश्न आहे.

जतच्या किंवा बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब मांडा. कापूस-ज्वारीत वर्ष निघत नाही, म्हणून तो मुकादमाची उचल घेतो आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतो. मुकादम नवराबायको मिळून एक कोयता धरतो. घरात तेरा-चौदा वर्षांची पोर आहे. तिला गावी ठेवावे तर घरात फक्त म्हातारी. बरोबर न्यावे तर खोपीला दार नाही, आडोशाला संडास नाही, आणि आईबाप उजाडायच्या आत फडात. मग बाप काय करतो? तिचे लग्न लावून टाकतो. पोरगी सुरक्षित झाली असे त्याला वाटते आणि मुकादमाला एक नवा कोयता मिळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शंभरात सुमारे २२ निघाल्या, बीड जिल्ह्यात ४३ च्या वर. बापाला शिव्या घालणे सोपे आहे. पोर सांभाळायची दुसरी कोणती सोय त्याच्यापुढे ठेवली, ते सरकारला विचारा.

कायदे आहेत. बालविवाहाचा २००६ चा आहे, लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा आहे. दोन्ही लागतात, पण गुन्हा घडून गेल्यावर पोलीस येतात. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की छिद्र बुजते, बाहेरून बोंड हिरवेगार दिसते, वरून कितीही फवारा, औषध आत पोचत नाही. म्हणून आपण आधीच कामगंध सापळे लावतो. सापळ्याला पैसे पडतात. इथेही पडतील.

बिनपरक्या माणसावरच नजर ठेवून भागत नाही, हेही ऐका. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासाचे होते.

आता कुणी उठून म्हणेल, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणारे तुम्ही, सरकारकडे पैसा कसा मागता? ही भीक नव्हे. कोयत्याशिवाय साखर होत नाही आणि त्या साखरेवर सरकार कर घेते. २०२१ साली राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. कामगारांच्या महामंडळाला कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले. (ते १० रुपये उसाच्या भावातून काढले जात नाहीत ना, यावरही डोळा ठेवा.) आपली मागणी ही की ज्या ज्या कोरडवाहू तालुक्यातून टोळ्या निघतात तिथे ही सोय झाली पाहिजे. शाळेतल्या हंगामी वसतिगृहाचा पैसा टोळी निघायच्या आधी आला पाहिजे. पोरे फडात पोचल्यावर आलेली मंजुरी काय चाटायची?

पण वसतिगृह झाले म्हणजे पोर सुरक्षित झाली, असे मी म्हणणार नाही. आपल्याच वाळवा तालुक्यात, कुरळपच्या आश्रमशाळेत, मुलींवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात २०१८ साली संस्थापकालाच अटक झाली. तेव्हा भिंतींसाठी पैसा मागताना पगारी महिला अधीक्षिकेसाठी, अचानक होणाऱ्या तपासणीसाठी आणि मुलींना बाहेरच्या बाईशी एकांतात बोलता यावे यासाठीही मागा. हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवला नाही, तर तो होत नाही.

गावाच्या हातातही थोडे आहे. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असते; सरपंच तिचा अध्यक्ष. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. तो पैसा कशावर गेला, हे कितीजणांनी विचारले आहे? गावात ग्रामसेवक हाच बालविवाह रोखणारा अधिकारी, हे किती बापांना ठाऊक आहे? आणि १०९८ हा मुलांसाठीचा फोन शाळेच्या भिंतीवर रंगवायला किती रंग लागतो?

२ ऑक्टोबरची ग्रामसभा टोळ्या निघायच्या तोंडावर येते. त्या सभेत कोण कोण जाणार, त्यांची मुले कुठे राहणार, कुणाजवळ राहणार, ही यादी अंगणवाडी ताईंना घेऊन करा. मुकादमाकडे कोयत्यांची यादी असते, तशी मुलांची गावाकडे असू द्या. तिची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या, एक जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याला, आणि पोच घ्या. तिसरी आमच्याकडे पाठवा. सगळ्या तालुक्यांच्या याद्या एकत्र करून आपण पालकमंत्र्यांकडे जाणार आहोत.