जुनाट आजार, जंतू आणि समाजव्यवस्था



आरोग्याच्या चर्चेत आजारांची दोन गटांत वाटणी करण्याची प्रथा आहे. हगवण, क्षय, हिवताप हे संसर्गजन्य रोग गरिबांचे. हृदयविकार, कर्करोग, अल्सर हे जुनाट आजार सुखवस्तूंचे, आहारविहाराच्या दोषांतून उद्भवणारे. पहिल्यांची जबाबदारी शासनाची, दुसऱ्यांची ज्याची त्याची, असा निष्कर्ष या वाटणीतून अलगद काढला जातो. ही वाटणी विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही.

जठरातील अल्सरचे उदाहरण पाहावे. मानसिक ताण आणि तिखट खाणे ही त्याची कारणे मानली जात. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांना १९८२ साली रुग्णांच्या जठरातील एक जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले. १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला आणि त्यांना जठरदाह झाला. तरी वैद्यकविश्वाला हे सत्य पत्करण्यास सुमारे दशक लागले. नोबेल पारितोषिक मिळाले ते २००५ साली. त्या काळात आम्ल कमी करणारी औषधे जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांत मोडत होती. ती वर्षानुवर्षे घ्यावी लागत; जंतुनाशकांचा उपचार मात्र एक-दोन आठवड्यांत संपतो. जे औषध गिऱ्हाईक कायमचे गमावते, त्यात नफ्याच्या व्यवस्थेला गोडी कशी असावी?

याहून बोलके उदाहरण संधिवाताच्या तापातून होणाऱ्या हृदयविकाराचे आहे. लहान मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे सुजतो. त्या जंतूंविरुद्ध उभी राहिलेली शरीराची प्रतिकारशक्ती काही मुलांच्या बाबतीत स्वतःच्याच हृदयावर उलटते, झडपा आखडतात, आणि ऐन तारुण्यात, अनेकदा बाळंतपणात, श्वास कोंडतो. हा जंतू दाटीवाटीच्या वस्तीत फैलावतो. युरोप-अमेरिकेत या रोगाची पीछेहाट पेनिसिलिन येण्यापूर्वीच सुरू झाली होती, कारण घरांतील दाटी कमी झाली होती. ताप येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे दिल्यास झडपा वाचू शकतात. पण हे औषध जुने, स्वस्त, पेटंटबाहेरचे. म्हणून उत्पादक मोजके आणि तुटवडा वारंवार. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र पैसेवाल्यास सदैव उपलब्ध!

तिसरे उदाहरण आपल्या दारातले आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने व तदनंतरच्या उपचाराने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून सिद्ध झाले. हे ज्ञान मराठवाड्याच्या खेड्यांतील स्त्रियांनी जगाला दिले. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही अशी तपासणी झालेली आढळली नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक जुनाट आजारामागे जंतू असतोच असे नाही. रोग्याच्या शरीरात जंतू सापडणे आणि त्याने रोग निर्माण करणे या भिन्न गोष्टी आहेत. तंबाखू, प्रदूषण, कारखान्यातील धूळ यांचे अपराध जंतूंच्या माथी मारू देता कामा नयेत. २०१८ साली जगातील नव्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के संसर्गजन्य होते. म्हणजे उरलेले बहुसंख्य तसे नव्हते.

मात्र जेथे कार्यकारणभाव सिद्ध झाला आहे, तेथे ‘तुमची जीवनशैली सुधारा’ हा उपदेश अपुरा, प्रसंगी क्रूर ठरतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांनी कोणती जीवनशैली निवडावी? म्हणून घर, पाणी, शाळेतील आरोग्य तपासणी, प्राथमिक केंद्रात पेनिसिलिन, मुलींना मोफत लस आणि स्त्रियांची तपासणी या मागण्या वेतनवाढीइतक्याच चळवळीच्या विषयपत्रिकेवर यावयास हव्यात. आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळते काय, एवढा एक प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने तेथे जाऊन विचारावा. चळवळीचा आरंभ तेथून होऊ शकतो.