मित्राची सोबत, डॉक्टरांची गोळी



दौंडहून रोज सकाळी शटलने पुण्याला जाणारी बरीच मंडळी हा कार्यक्रम ऐकत असतील, म्हणून त्यांच्याच डब्यापासून सुरुवात करतो. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत अशी स्टेशनं घेत गाडी निघते. जागा ठरलेल्या, माणसंही ठरलेली. एकाने पेपर घेतलेला असतो आणि त्याची पानं चौघांत फिरतात. कांद्याचा भाव, उसाचं बिल, बिबट्या कुठे दिसला, सगळं उरुळी येईपर्यंत उरकतं. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "काल रात्रीपासून छातीत भरल्यासारखं होतंय रे." समोरचा लगेच खिशात हात घालतो. "गॅस असेल. ही गोळी घे, मला लगेच उतार पडतो."

शिरूरकडे शटल नाही, पण रांजणगावच्या कारखान्यांच्या बस आहेत, पहाटेची दूध डेअरी आहे, न्हावऱ्याच्या बाजूला चहाच्या टपऱ्या आहेत. बोलणं तेच आणि खिशातली गोळीही तीच.

मी फिजिशियन आहे. "असं चारचौघांत आजाराचं बोलत जाऊ नका," असा सल्ला मी देईन असं तुम्हाला वाटलं असेल. तसं मी म्हणणार नाही. आपल्याकडचा पुरुष घरी दुखणं सांगत नाही. बायको घाबरेल, मुलगा कामधंदा टाकून दवाखान्यात न्यायला निघेल, खर्च होईल, असं त्याला वाटतं. म्हणून तो आधी मित्राला सांगतो. बायकाही भिशीत, बचत गटाच्या बैठकीत, खुरपणीच्या पातीवर असताना एकमेकींजवळच मन मोकळं करतात. म्हणजे दुखण्याची पहिली खबर डॉक्टरच्या आधी मैत्रीला लागते. त्या खबरीचं मैत्रीने काय करावं, एवढंच आज बोलायचं आहे.

एक रुग्ण मला विसरता येत नाही. भीमाकाठचे ऊसवाले शेतकरी, वय पंचावन्नच्या आसपास. रक्तदाबाची गोळी व्यवस्थित चालू होती. एका मित्राने सांगितलं, "या गोळ्यांनी किडन्या जातात, माझ्या मेव्हण्याने तर सोडूनच दिल्या." यांनीही सोडल्या. तीन-चार महिन्यांनी एका सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात उचलेना. ते माझ्यापुढे आले तेव्हा दुपार झाली होती. तपासताना मी त्यांचा हात हातात घेतला, तर दहाही बोटांच्या टोकांवर वाळलेल्या रक्ताचे बारीक ठिपके होते. फोनवर कोणालातरी एक मजकूर आला होता, की लकवा मारला तर सुईने बोटं टोचायची, रक्त काढायचं आणि मगच रुग्णाला हलवायचं. मित्रांनी सुई गॅसवर धरून, अगदी काळजीपूर्वक, ते सगळं केलं होतं. चौघंही बाहेर बाकावर बसले होते. त्यांतला एक तर अनवाणीच धावत आला होता.

त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. पण मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी बोटातून रक्त काढून सुटत नाही. ती विरघळवण्याचं इंजेक्शन असतं. आधी डोक्याचा सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री करून ते देतात, आणि लक्षण सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तो वेळ सुईत आणि वाट बघण्यात गेला होता. आणि किडनीचं म्हणाल, तर अनेकदा ती बिघडते ती ताब्यात न ठेवलेल्या रक्तदाबाने. गोळी सोसत नसेल तर डॉक्टर ती बदलून देतात. आपल्या मनाने बंद करायची नाही.

म्हणून लकव्याच्या तीन खुणा लक्षात ठेवा: हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला जातं, दोन्ही हात वर करायला सांगितले तर एक खाली येतो, बोलताना जीभ अडखळते. यांतली एक जरी दिसली तरी घड्याळात वेळ पाहा आणि १०८ ला फोन करा. पाणीसुद्धा पाजू नका, गिळता न आल्यास ठसका लागतो.

आता छातीचं. जोरजोरात खोकलात तर हार्ट अटॅक टळतो, असा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो विसरून जा. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, दरदरून घाम फुटलाय, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरतंय, तर त्या माणसाला बसवा, चालू देऊ नका आणि मदत बोलवा. गाडीत असाल तर रेल्वेचा १३९ हा नंबर आहे. पुढच्या स्टेशनवर मदत मिळावी म्हणून तो फिरवा, टीसी किंवा गार्डला कळवा. मधुमेह्याला आणि बाईमाणसाला कधी कधी छातीत फारसं न दुखता नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. तेव्हा "गॅस असेल" हे वाक्य ईसीजी निघाल्यावर बोलावं.

उसाच्या फडात साप चावला तर दोरी आवळू नका, ब्लेडने चीर देऊ नका, सापाला मारून पिशवीत घालून आणू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर आपल्याकडे एकच लस चालते, त्यामुळे साप ओळखण्यात वेळ घालवायची गरज नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट रुग्णालय गाठा.

मित्राच्या खिशातल्या गोळीबद्दल एवढंच सांगतो. पावसाळ्यात ताप आला, अंग मोडून आलं, की डायक्लोफेनॅकसारखी अंगदुखीची गोळी हातोहात दिली जाते. तो ताप डेंग्यूचा निघाला तर हीच गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते. मित्राला लागू पडलेली अँटिबायोटिक, त्याची साखरेची गोळी, त्याचं स्टिरॉइड ही औषधं त्याच्या वजनाला, त्याच्या आजाराला, त्याच्या किडनीला बघून लिहिलेली असतात. एकमेकांचा डबा खा, गोळ्या मात्र ज्याच्या त्याच्याच राहू द्या.

आता बातम्यांकडे येतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण वाढले. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला, काही जण दगावले. बातमी खरी होती. पण गावोगाव पोहोचेपर्यंत तिला शेपटं फुटली. कोणी म्हणालं हा नवा करोना आहे, कोणी म्हणालं रुग्णाजवळ बसलं तरी होतो, कोणी चिकनच बंद केलं. त्याचा फटका पोल्ट्रीवाल्यांना.

खरं काय होतं? जीबीएस नवा नाही आणि तो माणसाकडून माणसाला लागत नाही. बहुधा आधी जुलाब किंवा सर्दी-तापासारखा संसर्ग होतो. त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही आणि अशक्तपणा वर वर सरकतो. तेव्हाच्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय दूषित पाण्याकडे गेला. उपचार आहेत, बहुतेक रुग्ण बरे होतात, मात्र वेळेत दाखल व्हावं लागतं. म्हणजे या बातमीतून करायचं ते एवढंच: पाणी उकळून प्या, चिकन पूर्ण शिजवून खा, आणि जुलाबानंतर पायातलं बळ जाऊ लागलं तर त्याच दिवशी दाखवा.

म्हणून कोणतीही बातमी ऐकली की सांगणाऱ्याला विचारा: कधीची आहे? कुठली आहे? सांगितली कोणी, आरोग्य खात्याने की "एका मोठ्या डॉक्टरने"? तारीख, गाव आणि नाव नसलेला मजकूर पुढे पाठवू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. कधीची, कुठली, कोणी सांगितली, हे तिथे कोणीच विचारलं नव्हतं.

आणखी एक. मित्राचा रिपोर्ट तुमच्या फोनवर आला तर तो तुमच्यापुरताच ठेवा. टीबीचं निदान झालेल्या माणसाला औषधाइतकीच गरज असते ती गावात तोंड दाखवता येण्याची. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती महिनोन्‌महिने चुकू नयेत म्हणून रोज आठवण करणारा एक मित्र पुरतो. साऱ्या गावाला कळायची गरज नसते.

आणि नेहमी बोलणारा मित्र अचानक गप्प झाला असेल, झोप उडाली असेल, "आता काही राम नाही" असं म्हणू लागला असेल, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो. त्याच्याजवळ बसून तुम्हीच तो लावून द्या.

आता पुन्हा त्या शटलमध्ये जाऊ. छातीत भरल्यासारखं होतंय म्हणणारा तो माणूस अजून खिडकीशी बसला आहे, आणि समोरच्याच्या हातात गोळी आहे. त्याने ती परत खिशात ठेवावी, १३९ लावावा आणि म्हणावं, "हडपसरला उतरू, मी येतो तुझ्याबरोबर." कामावर उशिराचा लाल शेरा पडेल. तो पडू द्या.