गोळ्या संपल्या, पुढं काय?

टीबीच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला, बेडका तपासला, डॉक्टर म्हणाले ‘बरी झालीस’, त्यानंतरचं फारसं कुणी बोलत नाही. आज आम्ही गटातल्या बाया त्यावरच बोलणार आहोत.

घरोघरी काय होतं बघा. गोळ्या चालू असतात तोवर सुनेला एखादं अंडं मिळतं, दुपारी जरा टेकू देतात. कोर्स संपला की दुसऱ्या दिवशी डोक्यावर हंडा. चढावर धाप लागून ती मध्येच बसली, तर ‘आता कसलं आजारपण, नाटकं नुसती!’

म्हणून सासूबाईंनाही जरा रेडिओजवळ बसवा. टीबीचे जंतू मेले तरी त्यांनी फुप्फुसात केलेली जखम मागे राहते. भाजलेली कातडी बरी होताना आखडते ना, तसंच आतही होतं. तेवढा भाग पहिल्यासारखा फुलत नाही. म्हणून काहींना दम आणि खोकला पुढे वर्षानुवर्षं राहतो. उपचार उशिरा सुरू झाले किंवा टीबी दुसऱ्यांदा झाला, तर त्रास जास्त. यात नाटक नाही. नुसत्या जुन्या जखमेचा खोकला असेल तर तो कुणाला लागतही नाही.

पण खोकला जुन्या जखमेचा की टीबी उलटला, हे घरी बसून कळत नाही. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, यातलं काही दिसलं की दवाखाना गाठायचा. काही त्रास नसला तरी कोर्स संपल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचं असतं. आणि छातीचा जुना फोटो, जुने कागद जपून ठेवा. आम्ही तर पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ठेवायला सांगतो. जुना डाग फोटोत पुढेही दिसू शकतो. आधीचा फोटो जवळ असला की डॉक्टरांना ताडून बघता येतं. बेडका न तपासता, नुसत्या डागावरून कुणी पुन्हा गोळ्या सुरू करत असेल, तर ‘आधी तपासणी करा’ म्हणायला लाजू नका.

घरी काय करायचं? चुलीचा धूर टाळा. गॅस परवडत नसेल तर निदान चूल उघड्यावर मांडा. मिश्री सोडा, आणि घरात बिडी ओढणाऱ्याला बाहेर पाठवा. (हे बोलायला सोपं आहे, आम्हालाही ठाऊक आहे.) धाप लागली तर बसा, थोडं पुढे वाका. नाकानं श्वास घ्या आणि गरम दुधावर फुंकर घालतो तसा ओठांतून सावकाश सोडा. घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. रोज थोडं चाला, दर आठवड्याला थोडं वाढवा. सारखं पडून राहिल्यानं दम कमी होत नाही. साखरेचा आजार असेल तर त्याच्या गोळ्या चालूच ठेवा. साखर वाढलेली राहिली तर टीबी उलटायचा धोका वाढतो.

खाण्याचं बघू. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला 1000 रुपये येतात, ते उपचार चालू असेपर्यंतच. अंग भरून यायला मात्र त्यापुढेही वेळ लागतो. आमच्या गटानं ठरवलंय, कोर्स संपलेल्या बाईला पुढचे सहा महिने अंडी आणि शेंगदाणे गटाकडून, आणि गटाच्या कामात तिला निवडण्याचं, मोजण्याचं, हिशोबाचं काम. पोती उचलायची नाहीत.

आणि तिचं ताट-वाटी अजून वेगळं ठेवलं असेल तर आजच एकत्र करा. टीबी भांड्यांतून लागतच नाही, तो हवेतून लागतो.

काही विचारायचं असेल तर आशाताईंना विचारा, किंवा 1800116666 या सरकारी नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत.