सुट्या भागांचा मेळ : कमी खर्चातील घरगुती संगणकाची निवड

आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरची रचना इतर उत्पादकांना अभ्यासता येईल इतकी खुली होती, आणि घरच्या घरी सुटे भाग जोडून संगणक उभारण्याची वाट तेथूनच निघाली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण मांडले, तेव्हा मदरबोर्डाचा आकार, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा आणि वीजपुरवठ्याच्या जोडण्या ठरून गेल्या व एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये विनातक्रार बसू लागला. तथापि भाग जागेवर बसला म्हणजे तो चालेलच असे नाही, आणि ज्याच्या हाती पैसा बेताचा आहे त्याला ही तपासणी इतरांहून काटेकोरपणे करावी लागते, कारण चुकलेला भाग बदलण्याची सोय त्याच्या हिशेबात नसते.

पहिला प्रश्न प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो ती म्हणजे सॉकेट, आणि डिस्क, यूएसबी इत्यादींशी होणारी देवाणघेवाण सांभाळणारी बोर्डावरील चिप म्हणजे चिपसेट. सॉकेट एक असले की काम झाले, हा समज इंटेलच्या एलजीए ११५१ या सॉकेटने खोटा ठरवला : २०१७ मध्ये आलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०१५ पासूनच्या बोर्डांत नीट बसत, परंतु वीज वाहणाऱ्या संपर्कबिंदूंची वाटणी बदललेली असल्यामुळे त्यांच्यासाठी ३०० मालिकेतील नवे चिपसेट घेणे भाग पडले. (काही हौशी मंडळींनी बोर्डावरील बायोस या आज्ञावलीत फेरफार करून हेच प्रोसेसर काही जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले; तेव्हा ही अडचण कितपत तांत्रिक आणि कितपत व्यापारी, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट याच्या उलट आहे. २०१७ मधील पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर या एकाच सॉकेटात बसतात, आणि त्यानंतरच्या एएम५ बोर्डांना महागडी डीडीआर५ रॅमच लागत असल्याने काटकसरी ग्राहकाची नजर अजूनही एएम४ कडे वळते. अडचण येते ती बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताच सर्वांआधी चालणाऱ्या, बोर्डावरच साठवलेल्या आज्ञावलीची. अनेक बोर्डांवर तिच्यासाठी अवघी १६ मेगाबाइटची चिप असल्यामुळे सर्व पिढ्यांच्या प्रोसेसरांची ओळख तीत मावेना, आणि काही सुधारित आवृत्त्यांतून जुन्या प्रोसेसरांना वगळावे लागले. दुकानात पडून राहिलेल्या, बी४५० या जुन्या चिपसेटच्या बोर्डावर ५००० मालिकेतील प्रोसेसर बसवला तर पडदा काळाच राहू शकतो. बायोस अद्ययावत करायचे तर आधी संगणक सुरू व्हायला हवा, आणि तो सुरू होण्यासाठी जुना प्रोसेसर हवा. प्रोसेसरशिवाय, केवळ पेनड्राइव्हवरून बायोस भरून घेणारे बटण असलेला बोर्ड थोडा महाग असला तरी घ्यावा, ते याचसाठी.

रॅमच्या बाबतीत चूक होणे अवघड आहे : डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोहोंच्या पट्टीवर २८८ संपर्कबिंदू असले तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. मात्र रायझन ५ ५६००जी सारखा, चित्रे रेखाटणारा भाग पोटातच असलेला प्रोसेसर घेणाऱ्याने १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, कारण असा प्रोसेसर ग्राफिक्ससाठीही याच रॅमवर अवलंबून असतो आणि दोन पट्ट्यांमुळे माहितीचा मार्ग दुप्पट रुंद होतो.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डांत २०२२ चे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे उदाहरण विशेष बोधक आहे. पीसीआय एक्सप्रेस या बोर्डावरील मार्गाच्या १६ मार्गिकांची खाच व्यापणारे हे कार्ड प्रत्यक्षात चारच मार्गिका वापरते. मार्ग चौथ्या पिढीचा असेल तर तेवढ्यावर निभावते, तिसऱ्या पिढीचा असेल तर वेग निम्म्यावर येतो आणि कार्डाची स्वतःची ४ जीबी स्मृती भरताच खेळ अडखळू लागतात. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना किंवा स्वस्त बोर्ड असण्याचा संभव अधिक, हे उत्पादकांच्या ध्यानात आले नसेल असे मानणे कठीण आहे.

डिस्क निवडतानाही अशीच तपासणी हवी : पट्टीसारखी डिस्क थेट बोर्डावर बसवण्याची एम.२ ही खाच पीसीआय एक्सप्रेसवरून चालणाऱ्या एनव्हीएमई डिस्कसाठी आहे की जुन्या, संथ साटा पद्धतीच्या डिस्कसाठी, हे बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे एसएमपीएस, अर्थात घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून संगणकाला लागणारा कमी दाबाचा पुरवठा करणारी पेटी. ६५ वॅट असा शिक्का असलेला रायझन प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट घेते. म्हणजे या दोघांनाच २२० वॅट लागतात, आणि तेही जवळजवळ सर्वच्या सर्व १२ व्होल्टच्या वाहिनीवरून. कॅबिनेटबरोबर मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असले, तरी लेबलावर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर असा आकडा असेल तर त्या वाहिनीची क्षमता २१६ वॅटच भरते. चांगला एसएमपीएस नंतर घेतला आणि त्याच्या तारा सुट्या होणाऱ्या असल्या, तरी जुन्या पेटीच्या तारा त्याला लावू नयेत, कारण पेटीकडील टोकाच्या जोडणीचे कोणतेही प्रमाण ठरलेले नाही. प्लग हुबेहूब बसतो आणि चुकीचा व्होल्ट डिस्कपर्यंत पोहोचून ती कायमची निकामी होऊ शकते.